फॅमिली एक, बाई एक

आमच्या भागात पुरुष आपल्या बायकोला 'फॅमिली' म्हणतात. 'फॅमिलीला दवाखान्यात न्यायचंय.' 'फॅमिली शाळेवर आहे.' 'फॅमिलीला विचारून सांगतो.' लग्न होऊन शहाद्याजवळच्या या गावात आले तेव्हापासून मी फॅमिली आहे. एकटी मीच. मुलं झाली ती फॅमिली नव्हेत, ती 'पोरं'. नवऱ्याची मोठी बहीण ती 'बाई'. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांना कुटुंब म्हणजे काय ते शिकवते आणि घरी येऊन एकटीच कुटुंब होते. यावरून मी बरीच वर्षं चिडचिड केली आणि मग नाद सोडला. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या शब्दानं असा घोळ घातला की आजही आठवलं तरी माझं डोकं तापतं.

झालं असं की मुलाच्या वर्गातली निम्मी पोरं गुजरातेतल्या थीम पार्कला जाऊन आली होती. पाण्याच्या घसरगुंड्या, खोट्या समुद्राच्या लाटा, आणि रात्री तिथंच रिसॉर्टात मुक्काम. आठवीतल्या मुलानं आणि पाचवीतल्या मुलीनं घर डोक्यावर घेतलं. माझे यजमान एका शाळेत लिपिक आहेत आणि सुट्टीच्या दिवशी पपईच्या वावरात असतात. खर्चाच्या बाबतीत त्यांचा हात नेहमीच आखडता. "परवडेल असं देखू," म्हणाले, आणि रोज जेवण झालं की मोबाईल घेऊन ओट्यावर बसायला लागले.

त्या मोबाईलवर जे जे दिसलं त्याचा मला मनस्वी राग आला. सगळ्यात आधी तो शब्द, 'बजेट फ्रेंडली'. स्वस्त म्हणायची लाज वाटते म्हणून फ्रेंडली. प्रत्येक खोलीच्या फोटोत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. हंस दाखवतात, संडास दाखवत नाहीत. एका हॉटेलाच्या प्रत्येक खोलीतून म्हणे 'पार्क' दिसायचा. खाली एका गृहस्थांनी अभिप्राय दिला होता की पार्क म्हणजे पार्किंग समजावं. दुसरं एक सगळ्यात स्वस्त म्हणून यांना फार आवडलं. ते पार्कपासून इतकं लांब होतं की त्यापेक्षा आम्ही रोज घरूनच जाऊन आलो असतो.

आणि मुलांची मोजणी उंचीवर! वय विचारत नाहीत, फूटपट्टी लावतात. आमचा मुलगा आत्ताच बापाच्या कानाला लागलाय, म्हणजे त्यांच्या लेखी तो पूर्ण वाढलेला पुरुष. यांनी त्याला फाटकातून जाताना गुडघे किंचित वाकवून चालायचं शिकवलं. मुलगा अंगणात त्याचा सराव करायला लागला, तेव्हा मी दोघांनाही बोल बोल बोलले.

पण खरा संताप व्हायचा तो त्या चित्राचा. कुठलंही हॉटेल उघडा, वर तेच चित्र: एक बाप, एक आई, दोन पोरं. दोन मोठे, दोन लहान, की झालं घर. पाचवं माणूस आलं की ते 'एक्स्ट्रा'. एक्स्ट्रा गादी, एक्स्ट्रा नाश्ता. जगातल्या कुठल्या शहाण्यानं ठरवलं की घरात चारच माणसं असतात? त्याला कुणीतरी आमच्याकडं आणून जेवायला वाढायला हवं. वाढणारं माणूसच त्याला एक्स्ट्रा दिसेल.

आमचं पाचवं माणूस म्हणजे बाई. माझ्या नणंद, वयानं यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. तरुणपणी लग्न झालं, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि बाई माहेरी परतल्या त्या परतल्याच. माझी दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर वाढली; मी शाळेवर जायचे, त्या घर बघायच्या. अजूनही चूल, म्हशी, दळण-कांडण, पाहुणे, सगळं त्यांच्याकडं. यांच्या तोंडी त्या बाई, म्हणून मीही बाईच म्हणते. खानदेशात हे मानाचं बोलणं आहे. मोठ्या बहिणीला बाई म्हणावं, आणि ती हाक मारील तेव्हा उभं राहावं. त्या मला 'मास्तरीन' म्हणतात, त्यात मान किती आणि चिमटा किती हे मला अजून कळलेलं नाही.

आजवर आम्ही जिथं जिथं गेलो तिथं बाई आल्या नाहीत. म्हशी कोण दोहणार, घराला कुलूप कसं लावायचं, असं काहीतरी निघायचंच. हॉटेलात त्या उभ्या आयुष्यात राहिल्या नव्हत्या. या वेळी मात्र मुलीनं हट्ट धरला, आत्या येत असेल तरच मी येणार. बाई आधी म्हणाल्या, "मी येसू ते म्हशीसले कोन देखी?" म्हशींची सोय शेजारी लावून दिली. मग म्हणाल्या, "मी कसाले ऊ तथा? माले काय घसरगुंडीवर बसनं शे?" पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, त्यांनी ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढून उन्हात टाकलं होतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, आकाश कोसळलं तरी बाई या वेळी येणार, आणि आमच्यासारख्याच पलंगावर झोपणार, टॉवेलच्या हंसाशेजारी.

शेवटी यांनी एक रिसॉर्ट पसंत केलं. पार्कला लागूनच, नाश्ता फुकट, भाडं आवाक्यातलं. नक्की करायला फोन केला तो स्पीकरवर, म्हणून मी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. फोनवर हे शाळेच्या ऑफिसातली शुद्ध मराठी बोलतात, अगदी परिपत्रक वाचल्यासारखी. पलीकडचा पोरगा मुंबईकडचा असावा, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलत होता.

"सर, फॅमिली किती आहेत?"

"एकच!" हे एकदम तापले. "किती म्हणजे? काय समजता तुम्ही मला?"

मी इकडं हसून हसून पीठ सांडलं. पोरगा म्हणाला, "ओके सर, वन फॅमिली. टू अॅडल्ट्स, टू किड्स. आणखी कोणी?"

"हो. आमची बाई आहे."

"बाई आहे का सोबत? मग सर, तुमचं काम सोपं झालं. बाईंसाठी आपल्याकडं वेगळी सोय आहे. लेडीज डॉर्मिटरी. एक्स्ट्रा बेड घेऊ नका, ते महाग पडेल. हे फार स्वस्तात होतं."

यांचा चेहरा उजळला. आमच्याकडं लग्नकार्यात बायामाणसांची उतरायची खोली वेगळीच असते. यांना वाटलं, वा, काय रीत सांभाळतात हे लोक! फोन ठेवून मला ऐटीत सांगितलं, "देखं? बायकासनी स्वतंत्र व्यवस्था शे." मी म्हटलं, मग मीही बाईमाणूसच आहे, मला का नाही त्या व्यवस्थेत? तर म्हणाले, "तू फॅमिली शे." त्यांना खरंच कळलं नव्हतं, की कळूनही स्वस्तात पडतंय म्हणून न कळल्यासारखं केलं, हे मी त्यांना नंतर कितीतरी वेळा विचारलं. दरवेळी ते पंख्याकडं बघतात.

निघालो त्या दिवशी बाई पहाटेच उठून बसल्या होत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, तिळाची चटणी, मिरचीचा ठेचा, शेव, असा सगळा डबा भरला. तळोदा, अक्कलकुवा करत खापर सोडलं आणि गुजरात लागलं. बाई खिडकीशी बसून सगळ्या पाट्या मुलीकडून वाचून घेत होत्या. गाडी हे स्वतः चालवत होते, भाड्याची गाडी केली तर बजेट फ्रेंडली कसं होणार!

रिसॉर्टच्या फाटकावर पहिला हल्ला डब्यावर. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. गणवेशातल्या माणसानं सगळ्या पिशव्या उपसल्या, ठेच्याची बरणी उघडून वास घेतला आणि त्याला ठसकाच लागला. मला थोडं बरं वाटलं. डबा त्यानं टोकन देऊन एका फळीवर ठेवला, लोकांच्या थेपल्यांच्या आणि लोणच्यांच्या रांगेत. मी म्हटलं, आमच्या घरात केलेल्या अन्नानं तुमच्या पार्काला काय होणार आहे? तो म्हणाला, रूल है मॅडम. मी म्हटलं, आत तुम्ही जे विकता ते खाऊन माझं पोर आजारी पडलं तर त्याला कुठला रूल? तो मागच्या लोकांच्या पिशव्या उपसायला लागला. मी काउंटरवर जाऊन तिथल्या मुलीलाही तेच सगळं पुन्हा ऐकवलं, कारण राग आला की माझं एका माणसावर भागत नाही.

या भांडणात किती वेळ गेला कोण जाणे. मागं वळले तर हे सामान मोजताहेत, मुलं हातात निळे पट्टे घालून नाचताहेत, आणि बाई कुठंच नाहीत.

"आत्याला एक मावशी घेऊन गेली," मुलगी म्हणाली. "तिला वेगळा पट्टा दिला. राखाडी."

काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती अगदी गोड हसून म्हणाली, "मॅम, आपकी मेड को डॉर्मिटरी में भेज दिया है. ग्रे बँड में पूल अलाउड नहीं है, बस बच्चों के साथ किनारे तक जा सकती है."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. यांनाही कळलं असावं, कारण ते एकाएकी गाडीची किल्ली शोधायला लागले, आणि ती त्यांच्या हातातच होती.

मी धावत सुटले. स्वयंपाकघराच्या मागं, जनरेटरच्या शेजारी एक पत्र्याची लांबलचक खोली. बाहेर पाटी: ड्रायव्हर व मेड. आत मधे पडदा, पलीकडं पुरुष, अलीकडं बायका. लोखंडी खाटा, एका खाटेवर आमच्या बाई, ठेवणीतल्या लुगड्यात. समोर दोन बायका, सुरतेच्या कुठल्या बड्या घरच्या मुलांना सांभाळायला आलेल्या. तिघी पाय पसरून, अगदी जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारत होत्या. मला बघून बाई म्हणाल्या, "ये मास्तरीन, बठ. या दोन्ही सुरतन्या शेतस. एक ते आपला नवापूरकडनी शे."

"उठा बाई," मी म्हटलं.

"काब्र उठू? हवा चांगली येस आठे."

हवा! जनरेटरची ती हवा! मी त्यांचा हात धरला आणि तशीच काउंटरवर घेऊन आले. तोवर मॅनेजर आला होता, टाय लावलेला. मी माझ्या सर्वांत चांगल्या मराठीत सुरुवात केली. पण राग आला की माझी पुस्तकी मराठी दोन वाक्यांच्या पुढं टिकत नाही. "हाई मन्ही ननंद शे!" मी ओरडले. "मोलकरीन नही शे! घरना माणूसले तुम्ही किनारावर उभं करतस का?" सगळी लॉबी बघायला लागली. मुलगा शरमेनं खांबाआड गेला. मॅनेजर कॉम्प्युटरात बघून म्हणाला, फोनवर सरांनीच 'बाई' असं सांगितलंय. मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "मी बाईच म्हनं. बाई म्हंजे बाई."

आता एका शब्दाचे दोन अर्थ होतात म्हणून मी कुणाच्या अंगावर जायचं? मी दोघांच्याही अंगावर गेले. मॅनेजरला सुनावलं की ज्याच्या त्याच्या बाईला विचारल्याशिवाय पत्र्याखाली ढकलणारे तुम्ही कोण, आणि ती मोलकरीण असती तरी तिला पोहायला का नाही? पाणी बाटतं? यांना सुनावलं की बहीण स्वस्तात पडते आहे म्हटल्यावर तुम्हाला एवढा आनंद झाला, तेव्हाच शंका यायला हवी होती. मॅनेजर बिचारा हात जोडून म्हणाला, पट्टा बदलून देतो, पण सुट्टीमुळं रिसॉर्ट भरलंय, खोलीत चारच माणसं, एकही जादा गादी शिल्लक नाही.

"कसाले कटकट करस?" बाई मला म्हणाल्या. "एक रातना तर सवाल शे. मी झोपसू तथा."

"तुम्ही नाही झोपायचं तिथं," मी म्हटलं, आणि यांच्याकडं वळले. "गाडी कोनी चालाडी?"

"मी," हे म्हणाले.

"मंग ड्रायव्हर कोन?"

काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. हे माझ्याकडं बघत राहिले, मग मॅनेजरकडं, मग बहिणीकडं. कुणीच त्यांची बाजू घेईना. शेवटी त्यांनी स्वतःचा निळा पट्टा काढून बहिणीच्या हातात दिला, आपली पिशवी उचलली आणि राखाडी पट्टा मनगटावर घेऊन पडद्याच्या पुरुषांकडच्या बाजूला राहायला गेले. माझ्या संसारात इतकं समाधान मला फार थोड्या वेळा मिळालं असेल.

दुसऱ्या दिवशी पार्कात बाई पाण्यात उतरल्या. लुगड्यावर जाऊ देत नाहीत, भाड्यानं नायलॉनचा पंजाबी ड्रेस घ्यावा लागतो. तो घालून त्या आधी खूप लाजल्या. मग खोट्या समुद्रात गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या त्या उठेचनात. "पानीले दवाखानाना वास येस," एवढीच त्यांची तक्रार. लाट आली की मुलीला घट्ट धरायच्या आणि मोठ्यानं हसायच्या. हे किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभे होते, राखाडी पट्ट्याला पाणी बंद म्हणून. मी अगदी विजयी मुद्रेनं फिरत होते. काउंटरवर निघताना मी अभिप्रायाच्या वहीत काय लिहिलं ते इथं देत नाही, पण ते पानभर होतं.

परतताना गाडीत मीच बोलत होते. लोकांना माणसाची किंमत कशी नाही, घरच्या माणसाला नोकर ठरवताना जीभ कशी जड होत नाही, शहरातल्यांनी 'बाई' या शब्दाचं काय करून ठेवलंय. सागबारा गेलं तरी माझं चालूच होतं. हे निमूट गाडी चालवत होते. मुलं पेंगत होती. बाई बाहेर बघत होत्या.

खापरला चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर बसलो, चहा आला. बाईंनी बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत.

"भाऊ," त्या यांना म्हणाल्या, "तथा त्या सुरतन्या बायका व्हत्यात ना, तेसले आठवडामा एक दिन सुट्टी ऱ्हास. त्या दिन कोनी हाक बी मारत नही. कथा बी जावो, झोपी ऱ्हावो."

"बरं शे की," हे म्हणाले.

"माले बी सुट्टी जोयजे. रविवारनी."

हे हसले. "घरमा कसानी सुट्टी, बाई? आपलंच घर शे." आणि माझ्याकडं पाहिलं, मीही हसेन म्हणून. बाई हसल्या नाहीत. त्या थट्टा करत नव्हत्या, हे मला त्यांच्या हाताकडं बघून कळलं. बशी अगदी स्थिर धरलेली होती. कालपासून लॉबीत, पार्कात, गाडीत मी त्यांच्या वतीनं इतकं बोलले होते, आणि त्या माझ्यासमोर पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होत्या.

मुलगी जागी झाली होती. तिनं डोळे चोळत विचारलं, "मग रविवारी स्वयंपाक कोण करणार, आत्या?"

मी तोंड उघडलं. हे माझ्याकडं बघत होते, मुलगा माझ्याकडं बघत होता. एरवी मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत.

"ते तुम्ही देखा," बाई म्हणाल्या, आणि चहा प्यायला लागल्या.